बधिर हाताचे पुनर्वसन : कळते, पण वळत का नाही?

साहित्याच्या व्याख्यानमालेत हातापायांच्या उपचारांचा विषय कशाला, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर तो रास्त आहे. त्याला दोन कारणे आहेत. आपल्या कोगनोळी-निपाणी पट्ट्यात कुणाच्या ना कुणाच्या घरी, भावकीत किंवा शेजारी ‘अंगावरून वारं गेलेला’ माणूस असतोच. म्हणजे विषय घरचाच आहे. दुसरे कारण असे की या उपचाराच्या अगदी मध्यावर एक शब्दांचा प्रश्न बसलेला आहे, आणि तो भाषेवर प्रेम करणाऱ्या माणसांनी समजून घ्यावा असा आहे. त्याकडे पुढे येऊच.

अर्धांगवायूचा झटका येऊन गेला की घरातली माणसे दोन गोष्टी मोजतात. पाय टाकतो का, आणि हात उचलतो का. पहिल्या महिन्यात बोट जरा हलले तरी आनंद होतो, आणि हात खांद्यापर्यंत गेला की ‘हात हलतोय की आता’ म्हणून सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. बघायला येणारे पाहुणेही तेवढेच विचारून जातात. पण काही माणसांच्या बाबतीत खरी अडचण इथून पुढे सुरू होते. हात हलतो, आणि तरी कामाचा नसतो. पेला घट्ट धरावा तर चहा हिंदकळतो, सैल धरावा तर पेलाच सुटतो. खिशात हात घातला तर किल्ली कोणती आणि नाणे कोणते ते उमगत नाही. सदऱ्याचे बटण बघितल्याशिवाय लागत नाही. भाकरी उलटताना तव्याची कड लागते, आणि ते फोड आल्यावर कळते. घरातले म्हणतात, लक्ष नसते. हळूहळू त्या माणसालाही तसेच वाटू लागते, आणि तो हात मांडीवर ठेवून एका हाताने जगायला शिकतो. काही महिन्यांनी उरलेली ताकदही न वापरल्यामुळे जाते.

हाताची ताकद आणि हाताची जाणीव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे आधी पक्के करू. पक्षाघात झालेल्यांपैकी साधारण निम्म्या माणसांच्या जाणिवेत कमी-अधिक बिघाड झालेला असतो. तो बाहेरून दिसत नाही. वाकडे तोंड दिसते, लंगडणारा पाय दिसतो. बधिर बोट मात्र निरोगी बोटासारखेच दिसते.

आपल्याकडच्या विडी वळणाऱ्या बाईचे उदाहरण घ्या. मांडीवर सूप, भिजवून कापलेले पान, त्यावर चिमूटभर तंबाखू. वळताना तिची नजर हातावर नसते, ती शेजारणीशी बोलत असते. पान किती ओलसर आहे, तंबाखू कुठे जास्त पडली, गुंडाळी सैल झाली की आवळली गेली, हे सगळे तिला बोटांची टोके सांगतात. मजुरी हजारावर असते. आता समजा, अशा बाईच्या उजव्या हाताची ताकद परत आली आणि जाणीव आली नाही. ती प्रत्येक विडी डोळ्यांनी बघून वळेल. संध्याकाळपर्यंत हजार कुठून होणार? डॉक्टरांच्या कागदावर ती बरी झालेली असते. कारखान्याच्या हिशेबात ती बाद झालेली असते. म्हशीची धार काढणारा, गवंडीकाम करणारा, कागलच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रावर उभा राहणारा, यांचेही तसेच.

हे का होते ते थोडक्यात बघू. बोटांच्या टोकांत, कातडीखाली, दाब, कंप, उष्णता आणि ताण टिपणारी सूक्ष्म टोके दाटीने बसलेली असतात. त्यांचा निरोप मज्जातंतूंमधून पाठीच्या कण्यात, तिथून मेंदूत जातो, आणि वाटेत बाजू बदलून उजव्या हाताचा निरोप डाव्या मेंदूत पोहोचतो. कॅनडातल्या माँट्रियल शहरात वाइल्डर पेनफिल्ड या शल्यविशारदाने १९३० च्या दशकात जागे असलेल्या रुग्णांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करताना कोणत्या जागी स्पर्श केला असता शरीरात कुठे जाणवते याचा नकाशा काढला. त्या नकाशात पाठ, पोट, मांडी यांना जेमतेम जागा होती. हात आणि ओठ यांनीच मोठा भाग व्यापला होता. पक्षाघातात नुकसान या नकाशाचे किंवा तिथवर जाणाऱ्या वाटेचे होते. बोट शाबूत असते, निरोप निघतो, पण घ्यायला कोणी नसते, किंवा घेणाऱ्याला त्याचा अर्थ लागत नाही.

पुढे १९८० च्या दशकात मायकेल मर्झेनिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांवरच्या प्रयोगांत दाखवले की हा नकाशा दगडात कोरलेला नसतो. ज्या बोटाचा लक्षपूर्वक वापर होतो, त्याची जागा वाढते. ज्याचा होत नाही, त्याची जागा शेजारी बळकावतात. बांध सरकवणाऱ्या शेजाऱ्यांचे कसब आपल्याला काही नवे नाही. इथे ते मेंदूतच चालते.

यातूनच जाणीव पुन्हा शिकवता येईल का, हा प्रश्न पुढे आला. ऑस्ट्रेलियात लीन कॅरी यांनी यासाठी शिस्तशीर पद्धत बसवली, आणि २०११ साली त्यांच्या गटाने तिची कसोटी प्रसिद्ध केली. पक्षाघात झालेली ५० माणसे. तासातासाच्या दहा बैठका, आठवड्यातून तीन. शिकवायच्या गोष्टी तीनच : पोत ओळखणे, हात कुठल्या स्थितीत आहे ते न बघता सांगणे, आणि वस्तू चाचपून ओळखणे. पद्धत ऐकायला साधी वाटते. डोळे झाकून दोन पृष्ठभाग चाचपायचे, फरक सांगायचा. थेरपिस्ट लगेच सांगतो, बरोबर की चूक. मग डोळ्यांनी बघायचे, चांगल्या हाताने चाचपायचे, हे असे लागायला हवे होते हे मनात बसवायचे आणि पुन्हा डोळे झाकून दुखऱ्या बाजूने चाचपायचे. आधी ठळक फरक, मग बारीक, मग त्याहून बारीक. ज्यांना हे शिक्षण मिळाले त्यांची जाणीव दुसऱ्या गटापेक्षा जास्त सुधारली, आणि ती सुधारणा सहा महिन्यांनीही टिकून होती.

दुसऱ्या गटाला काय दिले होते, ते आपल्यासाठी महत्त्वाचे आहे. त्यांनाही हाताने वेगवेगळ्या वस्तू हाताळायला, वेगवेगळे पृष्ठभाग चाचपायला दिले होते, फक्त क्रम नव्हता, परीक्षा नव्हती आणि बरोबर-चूक सांगणारे कोणी नव्हते. आता आपल्याकडे बधिर हाताला सर्रास सांगितला जाणारा व्यायाम आठवा. परातीत तांदूळ किंवा मूग घ्यायचे आणि त्यात हात फिरवत बसायचे. वाईट काही नाही त्यात. पण तो त्या दुसऱ्या गटाच्या उपचाराच्या जवळ जाणारा आहे, पहिल्याच्या नव्हे. जोर हात फिरवण्यात नसतो, ओळखण्याच्या प्रयत्नात असतो.

मग एवढे माहीत असून हे आपल्या दवाखान्यांत होत का नाही? दोष थेरपिस्टांना देणे सोपे आहे, आणि तो बहुतेक वेळा अन्यायाचा असतो. ज्या ऑस्ट्रेलियात ही पद्धत जन्मली, तिथल्या फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टांची पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा तिथेही पुरावा एकीकडे आणि रोजचे काम दुसरीकडे, असेच चित्र दिसले. म्हणजे ही आपल्याच मागासलेपणाची गोष्ट नाही. आपल्याकडे अडचणी जास्त आहेत, आणि त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

सगळ्यांत आधी वेळ. तालुक्याच्या ठिकाणच्या एखाद्या फिजिओकडे सकाळच्या रांगेत गुडघे, कंबर, मान, मोडून बसलेले मनगट आणि दोन अर्धांगवायूचे असे रुग्ण असतात. एकेकाला वीस मिनिटे मिळाली तरी पुष्कळ. वीस मिनिटांत तो आधी चालणे बघणार, कारण पडून खुब्याचे हाड मोडले तर माणूस अंथरुणाला खिळतो. त्याचा हा क्रम बरोबरच आहे. जाणिवेच्या शिक्षणाला एका माणसाला एक थेरपिस्ट, शांत खोली आणि तासभर हवा. पडद्याआड दुसऱ्या खाटेवर कोणी कण्हत असताना डोळे मिटून मांजरपाट आणि पॉपलिनमधला फरक सांगणे धडधाकट माणसालाही जमणार नाही.

शिवाय हा उपचार उपचारासारखा दिसत नाही. आपल्याकडे फिजिओथेरपी म्हणजे शेक आणि करंट. मशीन लावले, दिवा लागला, कातडीला मुंग्या आल्या, की पैसे वसूल झाल्यासारखे वाटते. त्याऐवजी थेरपिस्टने डोळ्यांना रुमाल बांधून हातात गोणपाटाचा तुकडा दिला, तर बरोबर आलेला मुलगा किंवा सून म्हणते, ‘एवढं तर आम्ही घरी बी केलं असतं.’ खासगी दवाखाना चालवणाऱ्या तरुण थेरपिस्टला हे वाक्य परवडत नाही. रुग्ण पुढच्या वेळी मशीनवाल्याकडे जाईल, हे त्याला ठाऊक असते. तेव्हा या अडचणीतला एक वाटा आपला, म्हणजे घरच्यांचा आहे, आणि तो बोलून दाखवायला हवा.

शिक्षणाचाही भाग आहे. अभ्यासक्रमात जाणिवेच्या चाचण्यांची नावे असतात, परीक्षेत त्या लिहाव्या लागतात. पण हे शिक्षण कसे द्यायचे ते कोणाच्या तरी हाताखाली, खऱ्या रुग्णावर शिकण्याची संधी थोड्यांनाच मिळते. मूळ लेख इंग्रजीत आणि बरेचसे पैसे भरून वाचायचे. कार्यशाळा पुण्या-मुंबईला किंवा बंगळूरला. गावातला दवाखाना चार दिवस बंद ठेवून जाणारा थेरपिस्ट त्या चार दिवसांची कमाई सोडून जात असतो.

आणि पुराव्याबद्दलही प्रामाणिक राहू. पक्षाघातानंतर हाताच्या जाणिवेवरच्या उपचारांचा जो जागतिक आढावा कॉक्रेन संस्थेतर्फे २०१० साली निघाला, त्यात निवडीला उतरणारे अभ्यास फक्त १३ निघाले, आणि एकूण निष्कर्ष असा की कोणताही एक उपचार ठामपणे सांगावा इतका पुरावा तेव्हा नव्हता. त्यानंतर भर पडली. तरी ५० ऑस्ट्रेलियन माणसांवरची कसोटी निपाणीच्या विडी कामगारणीला जशीच्या तशी लागू पडेल का, असा प्रश्न एखाद्या थेरपिस्टच्या मनात आला तर तो कामचुकारपणा नव्हे. तो चांगल्या थेरपिस्टचा प्रश्न आहे.

पण माझ्या मते या सगळ्यांच्या मुळाशी एक गोष्ट आहे. जाणिवेला कागदावर जागा नाही. पक्षाघाताची तीव्रता मोजण्यासाठी जगभर वापरला जाणारा एक गुणतक्ता आहे. त्यात जास्तीत जास्त गुण ४२, आणि जितके गुण जास्त तितके नुकसान मोठे. हातापायांच्या ताकदीला त्यातले १६ दिलेले आहेत. जाणिवेला २. तातडीच्या निदानासाठी केलेला तो तक्ता, त्याच्या कामात तो चोख आहे. पण तेच वजन पुढे घरी सोडतानाच्या कार्डावर, फिजिओकडच्या चिठ्ठीवर आणि शेवटी घरच्यांच्या डोक्यात उतरते. ज्याचा रकाना नाही, त्यासाठी तासभर मागायचा कसा?

हे असेच चालायचे असेही नाही. याच मातीत याच्या उलट घडलेले आहे, आणि तेही समाजाने सर्वांत दूर लोटलेल्या आजारात. कुष्ठरोगात बोटे झडतात, मांस सडते, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या होती. तमिळनाडूत वेल्लोरला १९४६ पासून काम करणारे शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी बारकाईने बघितले आणि दाखवून दिले की बोटांचा नाश मुख्यतः जाणीव गेल्यामुळे होतो. गरम भांडे, टोचणारा खिळा, घासणारी चप्पल, काहीच लागत नाही, म्हणून जखमा होतात, त्या चिघळतात, आणि हळूहळू बोट आखडते. हे एकदा पटल्यावर सगळे कामच बदलले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कुष्ठरोगातील विकृतीच्या वर्गवारीत पहिली श्रेणी हीच आहे : जाणीव गेलेली, पण डोळ्यांना दिसणारी विकृती नाही. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या परिशिष्टातही कुष्ठरोगमुक्त व्यक्तीच्या व्याख्येत, दिसणारी विकृती नसताना हातापायांची जाणीव जाणे स्पष्ट लिहिलेले आहे.

रकाना आला, आणि मग साधनही सापडले. जाणीव तपासण्याची उत्तम साधने म्हणजे ठरावीक दाबाला वाकणारे नायलॉनचे बारीक तंतू. ती प्रत्येक आरोग्य केंद्राला कुठून पुरवणार? म्हणून कुष्ठरोगाच्या कामात साधे बॉलपेन वापरात आले. डोळे मिटायला सांगायचे, पेनाचे टोक हातापायांच्या ठरलेल्या बिंदूंवर हलके टेकवायचे, आणि जिथे टेकले तिथे बोट ठेवायला सांगायचे. खेड्यापाड्यांतल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना हे शिकवता आले. रोज संध्याकाळी स्वतःचे हातपाय नजरेने तपासायची सवयही रुग्णांना लावता आली. अमरावतीचे तपोवन, वरोऱ्याचे आनंदवन ही नावे आपण सेवेची तीर्थे म्हणून घेतो. कुष्ठरोगाच्या सगळ्या कामाने बधिर हाताबद्दल जमवलेले हे व्यवहारी ज्ञान मात्र अर्धांगवायूच्या खाटेपर्यंत आपण आणलेच नाही.

ज्या व्यवसायाचे हे खास काम, तो ऑक्युपेशनल थेरपीचा व्यवसायही आपल्याकडे नवा नाही. भारतातली त्याची पहिली शाळा १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाली, आणि ती सुरू करणाऱ्या कमला निंबकर मूळच्या अमेरिकन, एलिझाबेथ लुंडी. महाराष्ट्राच्या सून झाल्या, इथल्याच झाल्या. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांच्याच नावाने आहे. मुंबईहून निघालेली ही विद्या पाऊणशे वर्षांत आपल्या तालुक्यांपर्यंत मात्र फारशी पोहोचलेली नाही. ‘व्यवसायोपचार’ असे भाषांतर केले तर लोकांना वाटते, हे नोकरी लावून देणारे असावेत! खरे तर रोजच्या कामांतून हात परत कामाला लावणारा हा माणूस आहे. छोट्या रुग्णालयात तो नसला की त्याचेही काम फिजिओच्या त्याच वीस मिनिटांत ढकलले जाते.

आता आपल्या गावाच्या खास अडचणीकडे येऊ. कोगनोळी म्हटले की बाहेरच्यांना महामार्गावरचा नाका आठवतो. आपल्याला तो नाका रोजच्या आयुष्यात आडवा येतो. उपचारांची ओढ कोल्हापूरकडे, कारण ते जवळ, भाषा आपली, नातलग तिथे. कागदपत्रे मात्र कर्नाटकची, मोठी सरकारी सोय बेळगावची. झटका आला त्या रात्री माणूस हद्द बघत नाही, आणि बघूही नये. एका अंगाची ताकद किंवा जाणीव अचानक गेली तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, तेव्हा जे योग्य रुग्णालय जवळ तिकडे धाव घ्यावी. पण पुनर्वसन ही एका रात्रीची गोष्ट नसते. आठवड्यातून तीनदा जायचे म्हणजे दरवेळी रुग्णाबरोबर एका कमावत्या माणसाचा रोजगार बुडणार. त्यात बसचे काय? २०२१ साली कोरोनाचा अहवाल दाखवल्याशिवाय नाक्यावरून पलीकडून अलीकडे येता येत नव्हते. डिसेंबर २०२२ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये सीमावादाच्या तणावात दोन्ही राज्यांच्या बसगाड्या काही काळ थांबल्या. दहा बैठकांचा उपचार मध्येच चौथ्या बैठकीला तुटला, तर त्याची किंमत कुठल्याच सरकारच्या हिशेबात येत नाही.

पैशाचेही तसेच. आयुष्मान भारतसारखी योजना रुग्णालयात दाखल असतानाचा खर्च उचलते, आणि घरी सोडल्यानंतरचा पंधरा दिवसांपर्यंतचा. महाराष्ट्र सरकारने २०२३ साली महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचे ठरवले, त्यावर कर्नाटकातून आक्षेप आले, वर्तमानपत्रे भरली. तो वाद आपल्या परीने महत्त्वाचा आहेच. पण बधिर हाताचे शिक्षण साधारणतः सुरूच होते ते घरी आल्यावर काही आठवड्यांनी, बाह्यरुग्ण म्हणून, आणि दाखल रुग्णांसाठी आखलेल्या योजना तिथवर पोहोचत नाहीत. मग ते शिक्षण ज्याच्या त्याच्या खिशावर राहते.

आणि आता तो शब्दांचा प्रश्न. रक्तदाब यंत्र सांगते, हाड क्ष-किरणात दिसते. जाणीव मात्र रुग्णाने सांगितल्याशिवाय कळण्याचा दुसरा मार्ग नाही. तपासणी पूर्ण भाषेवर उभी आहे. थेरपिस्ट कधी धारवाडकडचा, कधी केरळचा, कधी पुण्याचा. तो कापूस टेकवून विचारतो, ‘लागतंय का?’ आपल्या बोलीत ‘लागणे’ म्हणजे नुसता स्पर्श होणे नव्हे, इजा होणेही. ‘पडलास, लागलं का?’ असेच आपण विचारतो. तेव्हा कापसाचा स्पर्श नीट जाणवत असलेली आजीही म्हणते, ‘न्हाई बा, काय लागत न्हाई.’ कागदावर जाणीव शून्य. उलटही होते. ‘कळतंय का?’ असे विचारले की तिला वाटते, सांगितलेले समजले का म्हणून विचारतायत, आणि डॉक्टरांपुढे नाही कसे म्हणायचे? ‘व्हय, कळतंय की.’ कागदावर जाणीव पूर्ण.

रुग्ण स्वतःहून सांगतो तेव्हाही घोटाळा असतो. बधिर, सुन्न, जड, मुंग्या, गार पडल्यागत, मेल्यागत, परक्याचा हात असल्यागत. हे सगळे एकच दुखणे नव्हे. मुंग्या म्हणजे निरोप येतो आहे पण विस्कटलेला. सुन्न म्हणजे तो येतच नाही. जड म्हणजे कदाचित जाणीव ठीक असून ताकदच कमी आहे. ‘परक्याचा हात’ म्हणणारा माणूस बहुधा हाताची स्थिती न कळण्याबद्दल बोलत असतो, आणि ती त्या तीन शिक्षणांपैकी एक वेगळीच गोष्ट आहे. इंग्रजी फॉर्मवर या सगळ्यांचे एका शब्दात लोणचे होते.

पोताचेही तेच. परीक्षापत्रात खरखरीत आणि गुळगुळीत असे दोन पर्याय. आणि आपल्याकडे? राठ, भरड, चरबरीत, रवाळ, मऊसूत, लुसलुशीत, ओशट, चिकट, दमट, बोचरे, टणक. भाकरीचे पीठ आणि बेसन यांच्यातला फरक आपली आई दोन शब्दांत सांगते. बारीक फरक ओळखायला शिकवायचे तर त्या फरकाला रुग्णाच्या ओठांवर नाव असले की काम सोपे होते. ही शब्दसंपत्ती थेरपिस्टच्या हाती देणे हे कुठल्याही भाषेच्या मंडळाला जमण्यासारखे काम आहे. दोन पाने पुरतील : एका बाजूला आपल्या बोलीतले जाणिवेचे शब्द, समोर त्यांचा अर्थ मराठी, कन्नड आणि इंग्रजीत. शिवाय विचारायचे नेमके प्रश्न. ‘लागतंय का?’ ऐवजी ‘मी हात लावला की बोला’. ‘कळतंय का?’ ऐवजी ‘कुठल्या बोटाला हात लावला?’ होकार-नकार द्यावाच लागणार नाही, असे.

घरच्यांनी काय करावे, तेही सांगून टाकतो. रुग्णालयातून सोडताना विचारा : हाताची जाणीव तपासली का, आणि ती कार्डावर लिहाल का? एवढ्या एका प्रश्नाने थेरपिस्टला हवा असलेला रकाना तयार होतो. थेरपिस्टकडे गेलात तर सांगा, मशीन नसले तरी चालेल, आम्हाला पद्धत शिकवा, आम्ही घरी करून घेऊ. कुठून सुरू करायचे, फरक कधी बारीक करायचा, खांदा दुखत असेल तर हात कसा ठेवायचा, हे त्यांनी ठरवायचे. ते तुमच्या मनाने नको. रोजची उजळणी मात्र घरात होऊ शकते, आणि सामान स्वयंपाकघरात आणि कपाटातच आहे. गोणपाट, जुन्या धोतराचा तुकडा, साडीचा काठ, काचपेपर. चिंचोका, हरभरा, बटण, रुपयाचे नाणे, किल्ली.

दूरदर्शन बंद करून, दुपारच्या शांत वेळी बसा. लहान नातवंडांना या कामाला बसवले तर ती मोठ्या माणसांपेक्षा चांगली शिकवतात, असा माझा अंदाज आहे, कारण ओळखा पाहू हा त्यांचाच खेळ आहे आणि चूक झाली की ती लगेच सांगतात. तेवढी दया ती दाखवत नाहीत, आणि इथे ती नकोच असते.

जाणीव परत येईपर्यंत बधिर हाताची राखण डोळ्यांनी करावी लागते. आंघोळीचे पाणी चांगल्या हाताने बघायचे. चुलीजवळ, तव्याजवळ लांब दांड्याची वस्तू वापरायची. नखे कोणीतरी दुसऱ्याने कापायची. रात्री निजण्यापूर्वी तळहात, बोटांच्या बेचक्या, कोपर दिव्याखाली बघायचे, आणि भाजलेले किंवा कापलेले दिसले तर दुखत नाही म्हणून सोडून द्यायचे नाही. कुष्ठरोगाच्या दवाखान्यांनी शिकवलेले हेच ते.

आणि एक वही ठेवा. तारीख, कोणत्या दोन वस्तू होत्या, वीसपैकी किती बरोबर आले. एवढेच. पुढच्या वेळी ती वही थेरपिस्टपुढे ठेवलीत, तर त्याच्या वीस मिनिटांतली पहिली दहा तपासण्यात जाणार नाहीत. गोणपाट आणि धोतर वीसपैकी अठरा वेळा बरोबर येत असेल, तर तो धोतर आणि मांजरपाट द्यायला सांगेल. बारावर अडकले असेल, तर पुन्हा काचपेपरवर जायला सांगेल.